उन्हांत बदलणारे चष्मे आणि बांधींतील पाण्याची चकाकी

उन्हांत गेल्याबरोबर काळीं पडणारीं व सावलींत आल्यावर पुनः स्वच्छ होणारीं चष्म्याचीं भिंगें आतां तालुक्याच्या गांवींहि मिळूं लागलीं आहेत. त्यांच्याच शेजारीं 'अँटी-ग्लेअर' व 'पोलराइज्ड' अशा नांवांचीं भिंगें मांडलेलीं असतात. हे तिन्ही प्रकार एकच काम करतात, भेद काय तो किंमतीचा, असा पुष्कळांचा समज आहे; आणि विकणारा तो समज दरवेळीं दूर करतोच असें नाहीं. वस्तुतः हीं तीन साधनें तीन निरनिराळ्या कामांचीं आहेत. एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं. आणि ज्यास जें नको तें त्यानें घेतल्यास पैसा जातो व डोळ्यांचा त्रास होता तसाच राहतो. भंडारा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास तर ही फोड अधिकच अवश्य आहे. आपली शेती तलावांची व धानाची. वर्षांतून कित्येक आठवडे मनुष्य साचलेल्या पाण्याच्या कांठीं नाहीं तर पाण्यांतच उभा असतो, आणि ऊन त्याच्या डोळ्यांवर वरून येतें तसें खालूनहि येतें.

डोळा स्वतः उजेडाशीं किती जुळवून घेतो हें आधीं पाहूं. भर दुपारच्या उघड्या उन्हांत उजेडाचें मान एक लाख लक्सच्या आसपास असतें. घराच्या माजघरांत तें शंभरावर क्वचितच जातें. म्हणजे अंगणांतून आंत पाऊल टाकतांना उजेड हजारपटीनें उतरतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होऊन आंत जाणारा उजेड आवरते. परंतु तिचा व्यास फार तर २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे तिच्या हातून सोळा पटींचाच फरक साधतो. बाकीचें काम डोळ्याच्या आंतील पडदा करतो, व त्यास वेळ लागतो. उन्हांतून गोदामांत शिरल्यावर पोत्यांना ठेच लागते ती यामुळेंच. अंधारास पुरतें सरावण्यास डोळ्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि वय वाढतें तशी ही शक्ति मंदावते.

बदलत्या भिंगांची कल्पना येथूनच निघाली. डोळ्याचें कांहीं काम भिंगानेंच उचलावें, असा तिचा हेतु. अमेरिकेंतील कॉर्निंग या कांच बनविणाऱ्या कंपनींतील विल्यम आर्मिस्टेड व डोनाल्ड स्टूकी या दोघां शास्त्रज्ञांनीं अशी कांच तयार केली व १९६५ मध्यें त्यांना तिचें पेटंट मिळालें. कांचेच्या रसांत चांदीचे क्षार व अत्यल्प तांबें मिसळून ती विशिष्ट रीतीनें तापविली असतां तिच्या आंत चांदीच्या क्षाराचे डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार होतात. उन्हांतील अतिनील किरण त्यांवर पडले म्हणजे क्षारांतून शुद्ध चांदीचे कण सुटे होतात, आणि हे कण उजेड अडवितात. जुन्या तऱ्हेच्या फोटोच्या कागदावरहि हेंच घडत असे. भेद इतकाच कीं कागदावर एकदां काळें झालेलें काळेंच राहतें. कांचेंत मात्र सुटे झालेले घटक बाहेर पडूं शकत नाहींत, म्हणून किरण थांबतांच तांब्याच्या साहाय्यानें ते पुनः एकत्र येतात व कांच निवळते. असें हजारों वेळां झालें तरी ती थकत नाहीं.

पण कांच जड, व हातून पडली तर फुटणारी. म्हणून १९९० नंतर प्लॅस्टिकचीं बदलतीं भिंगें बाजारांत आलीं, व आज दुकानांतून मिळतात तीं बहुतेक हींच. यांत चांदी नसते. भिंगाच्या पृष्ठभागाशीं एका विशिष्ट सेंद्रिय रंगद्रव्याचे रेणू मुरविलेले असतात. हे रेणू मिटलेल्या स्थितींत रंगहीन असतात. अतिनील किरण लागले कीं त्यांचें एक कडें उघडतें, रेणू पसरट होतो व उजेड शोषूं लागतो. तें कडें पुनः मिटविण्याचें काम मुख्यतः उष्णता करते. ही गोष्ट वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावी, कारण पुढचा सर्व हिशेब तिच्यावर आहे.

ऊन रेणू उघडतें आणि उष्णता ते मिटविते, अशी ही ओढाताण सतत चालू असते. हिवाळ्याच्या सकाळीं हवा थंड व ऊन स्वच्छ असलें म्हणजे उघडणाराची सरशी होते व भिंग चांगलें गडद होतें. वैशाखांत याच्या उलट. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. त्या उन्हांत चष्मा तापतो, रेणू उघडतात तितक्याच घाईनें मिटूं लागतात, आणि भिंग जानेवारींत जितकें काळें होत होतें तितकें होत नाहीं. भिंगें बनविणारे आपल्या मालाच्या गडदपणाचे आंकडे देतात ते पुष्कळदां २३ अंश तापमानावरचे असतात. विदर्भाचा उन्हाळा २३ अंशांचा नसतो, हें सांगावयास नको. ज्या महिन्यांत सांवलीची सर्वांत अधिक गरज त्याच महिन्यांत हीं भिंगें आंखडता हात घेतात, हा दोष भिंग विकणाराचा नव्हे, रेणूच्या स्वभावाचा आहे. पण घेणाऱ्यास तो आधीं ठाऊक असावा.

दुसरी विसंगति पावसाळ्यांतली. पातळ ढगांतून अतिनील किरण शेंकडा नव्वदांहूनहि अधिक पार येतात, असें जागतिक आरोग्य संघटनेनें नमूद केलें आहे. डोळ्यास दिसणारा उजेड कमी झालेला असतो, भिंगास मात्र हे किरण मिळतच असतात, व हवाहि उन्हाळ्यापेक्षां थंड असते. परिणामीं आषाढांतल्या मळभाच्या दिवशीं, जेव्हां धुऱ्यावरून चालतांना पाऊल कोठें पडतें हें नीट दिसावयास हवें, तेव्हांच हें भिंग नको तितकें काळवंडतें. आणखी एक गोष्ट मोटारगाडीची. गाडीच्या पुढच्या कांचेंत दोन कांचांमध्यें एक पापुद्रा असतो. तो अतिनील किरण जवळजवळ सर्व अडवितो. त्यामुळें साधें बदलतें भिंग गाडींत बसल्यावर काळें होतच नाहीं, समोर सूर्य कितीहि तळपत असो. उघड्या ट्रॅक्टरवर व मोटारसायकलवर ही अडचण नाहीं.

काळें होण्यास भिंगास अर्ध्या मिनिटापासून एक मिनिट पुरतें. निवळण्यास मात्र त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. सावलींत आल्यावर पहिलीं दोनतीन मिनिटें तें बरेंच गडद राहतें, व पूर्ण स्वच्छ होण्यास याहूनहि अधिक वेळ जातो. मळणीयंत्रापाशीं, चालत्या पट्ट्याजवळ किंवा विहिरीच्या काठावर उन्हांतून एकदम येणाऱ्यानें तेवढा वेळ थांबावें किंवा चष्मा काढावा.

इतके दोष सांगितल्यावर हीं भिंगें निरुपयोगी आहेत असें कोणी समजूं नये. ज्यास नंबराचा चष्मा नेहमींच लागतो त्यास दोन चष्मे बाळगण्याची यातायात यांमुळें वांचते, व खिशांतून पडून फुटणाऱ्या दुसऱ्या चष्म्याचा खर्चहि वांचतो. चांगल्या बनावटीचें भिंग निवळलेल्या स्थितींतहि अतिनील किरण अडवितें. आणि तिसरा लाभ असा आहे कीं जो चष्मा उन्हांत व सावलींत दोन्हीकडे चालतो तो डोळ्यांवर टिकून राहतो. धानाच्या कापणींत पात्याची धार किंवा मळणींत उडालेलें कुसळ डोळ्याच्या बुबुळास लागून जखम होणें ही आपल्याकडची जुनी व गंभीर पीडा आहे. अशा जखमेंत बुरशी शिरते, आणि बुरशीचा व्रण वेळीं ओळखला न गेल्यास डोळा जातो. अशा वेळीं घरगुती रस किंवा दुकानांतून मागून आणलेले थेंब घालणें फार धोक्याचें असतें. त्याच दिवशीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावें. डोळ्यांवर कोणताहि चष्मा असला, साधा पांढरा असला तरी, यांतील पुष्कळ इजा टळतात. औषध फवारतांना मात्र यांतील एकहि चष्मा पुरत नाहीं. तेथें चारी बाजूंनीं बंद असलेला निराळा चष्माच लागतो.

आतां पाण्याकडे वळूं. येथें बदलतें भिंग हात टेकतें. तें सर्वच उजेड सारखा मंद करतें; पाण्यावरील चकाकी व पाण्यांतील परे, दोन्ही त्याच प्रमाणांत अंधुक होतात, आणि चकाकीनें झांकलेलें झांकलेलेंच राहतें. त्यासाठीं पोलराइज्ड भिंग हवें. त्याचें तत्त्व समजण्यास थोडा धीर धरावा लागेल, पण तें कठीण नाहीं. प्रकाश लहरींच्या रूपानें येतो. दोराचें एक टोक खुंट्यास बांधून दुसरें हातानें हालविलें तर दोरास लाटा येतात. हात वरखालीं हालविला तर लाट उभी, आडवा हालविला तर आडवी. सूर्याच्या उजेडांत उभ्या, आडव्या, तिरप्या, सर्व लाटा मिसळलेल्या असतात. हा उजेड पाण्याच्या सपाट पृष्ठावर तिरका आदळून परत फिरला म्हणजे त्यांत मुख्यतः आडव्या लाटा शिल्लक राहतात. उभ्या बव्हंशीं पाण्यांत शिरतात. दोर उभ्या कामट्यांच्या ताटींतून ओवला तर उभी लाट पार जाईल, आडवी तेथेंच अडेल. पोलराइज्ड भिंग उजेडास अशीच एक ताटी आहे. पाण्यावरून परतलेल्या आडव्या लाटा तें अडवितें, आणि पाण्याच्या आंतून येणारा साधा उजेड त्यांतून पुष्कळसा पार होतो. म्हणून चकाकी विरते व तळचा चिखल दिसूं लागतो.

या भिंगाचा पूर्वेतिहास मोठा चमत्कारिक आहे. १८५२ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील हेरापाथ नांवाच्या डॉक्टरांच्या शिष्यास असें आढळलें कीं कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडीन पडलें असतां हिरवे चकचकीत स्फटिक तयार होतात. हे स्फटिक एकावर एक आडवे-उभे ठेवले कीं त्यांतून उजेड जात नाहींसा होई. पण ते इतके नाजूक कीं त्यांचा चष्मा करणें अशक्यच. १९२९ मध्यें एडविन लँड या तरुण अमेरिकनानें ते स्फटिक बारीक करून एका पातळ पापुद्र्यांत सर्व एकाच दिशेस बसविण्याची युक्ति काढली. पुढें स्फटिक मागें पडले, व ताणलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यांत आयोडीन मुरविण्याची रीत आली. तीच आज चालू आहे. हिंवतापाच्या दिवसांत ज्या कडू कोयनेलीनें आपल्या वाडवडिलांची तोंडें वाकडीं झालीं, तिच्यापासून उन्हाच्या चष्म्याचा उगम व्हावा, ही मौजच म्हणावयाची.

असो. पाण्यावरची ही चकाकी कोणत्या कोनांत सर्वांत चांगली अडविली जाते याचा नियम डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १८१५ मध्यें ठरवून दिला. पाण्यासाठीं तो कोन पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांचा येतो. उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून पांच फूट उंच धरला तर त्याच्यापुढें सुमारें साडेसहा फुटांवर जें पाणी आहे तेथील चकाकी या भिंगानें जवळजवळ संपूर्ण नाहींशी होते. त्याच्या अलीकडे व पलीकडे ती थोडथोडी उरते. अगदीं पायांशीं, म्हणजे सरळ खालीं, पाहिलें तर भिंगाचा हा विशेष गुण उरत नाहीं, व अगदीं दूर क्षितिजाकडे पाहिलें तरीहि नाहीं.

हा नियम आपल्या दोन रोवण्यांस लावून पाहिला म्हणजे एक उपयुक्त गोष्ट ध्यानांत येते. आपला जिल्हा सुमारें २१ उत्तर अक्षांशावर आहे. खरिपाची रोवणी जुलैंत; त्या महिन्याच्या मध्यास सूर्य भर दुपारीं जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. आकाश बहुधा ढगाळ. वांकून रोवणाऱ्याची नजर सरळ खालीं असते, आणि सरळ खालीं पाहतांना पाणी शंभरांपैकीं दोनच भाग उजेड परत फेकतें; शिवाय खुद्द रोवणाऱ्याचें डोकेंच सूर्याच्या आड येतें. अशा वेळीं पोलराइज्ड भिंगाचा लाभ थोडा. उन्हाळी धानाची गोष्ट निराळी. तलाव, विहिरी व कालवे यांच्या पाण्यावर जेथें हें पीक घेतात तेथें रोवणी जानेवारी-फेब्रुवारींत चालते. आकाश निरभ्र असतें, आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला. जानेवारीच्या अखेरीस तो दुपारींहि क्षितिजावर ५० अंशांच्या आसपासच चढतो. सकाळीं दहाच्या सुमारास व दुपारीं पावणेतीनच्या सुमारास तो नेमका ३७ अंशांवर असतो. म्हणजे कामाच्या ऐन वेळीं पाण्यावरील सूर्य त्याच कोनांतून डोळ्यांत शिरतो ज्या कोनांत हें भिंग सर्वांत चांगलें चालतें. सूर्य अगदीं खालीं, १० अंशांवर, असतांना तर पाणी शंभरांपैकीं सुमारें पस्तीस भाग उजेड परत फेकतें. तेव्हां धुऱ्यावर उभें राहून पाण्याची पातळी पाहणारा, चिखलणींत ट्रॅक्टर हांकणारा, तलावांत मासे पकडणारा, यांना उन्हाळी हंगामांत पोलराइज्ड भिंग खरोखर उपयोगी पडेल; केवळ खरिपाच्या रोवणीसाठीं कोणी तें घेत असेल तर त्यानें पुनः विचार करावा.

टोपीच्या छपराचा उपयोग येथें कोणी विचारील. छप्पर वरचा व समोरचा उजेड चांगला अडवितें, व स्वस्त आहे. पाण्यावरून उसळून छपराखालीं शिरणारा उजेड त्यास अडवितां येत नाहीं. दोन्ही असावीं हें उत्तम.

येथें एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. रोवणीचें काम आपल्याकडे बहुतांशीं स्त्रिया करतात. चष्म्याची चौकशी मात्र धुऱ्यावर उभा राहणारा करतो. दिवसाचे सातआठ तास उघड्यावर जिचे जातात तिच्या डोळ्यांत मांस वाढणें, ज्यास वडस म्हणतात, व पुढें मोतीबिंदू होणें यांचा उन्हांतील अतिनील किरणांशीं संबंध आहे, हें वैद्यकशास्त्रानें दाखविलें आहे. रोवणाऱ्या बायांस भारी भिंगें देणें कोणास परवडणार नाहीं व त्यांची तेथें गरजहि नाहीं. पण रुंद काठाची टोपी व अतिनील किरण अडविणारा साधा, फिक्या रंगाचा प्लॅस्टिकचा चष्मा ही कांहीं ट्रॅक्टरच्या एका दिवसाच्या डिझेलाहून मोठी बाब नव्हे. मजुरीबरोबर या खर्चाचाहि हिशेब मालकानें धरावा असें आमचें मत आहे.

आतां 'अँटी-ग्लेअर' या तिसऱ्या प्रकाराकडे. हें नांव जितकें फसवें तितकें दुसरें क्वचितच असेल. नांवावरून वाटतें कीं उन्हाची चकाकी यानें जाते. प्रत्यक्षांत उन्हाशीं याचा फारसा संबंध नाहीं. साध्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरांपैकीं सुमारें चार भाग उजेड परत फिरतो, दोन पृष्ठें मिळून आठ भाग. या परतलेल्या उजेडाचीं प्रतिबिंबें भिंगांत तरंगतात व रात्रीं दिव्यांसमोर त्रास देतात. १९३५ मध्यें जर्मनींतील झाइस कारखान्यांतील स्माकुला या शास्त्रज्ञानें भिंगावर अत्यंत पातळ थर चढवून हीं प्रतिबिंबें मोडण्याची रीत काढली. 'अँटी-ग्लेअर' म्हणून विकला जातो तो हाच लेप. रात्रीं वाचणाऱ्यास, मोठ्या नंबराच्या चष्म्यास, मोटारसायकल चालविणाऱ्यास तो उपयोगी आहे. पण त्यानें भिंगांतून डोळ्यांत येणारा उजेड थोडा वाढतोच, कमी होत नाहीं. बांधींतील चकाकीवर उपाय म्हणून तो घेणें म्हणजे तहान लागली असतां छत्री विकत घेण्यासारखें आहे.

हे प्रकार ओळखण्याच्या परीक्षा सोप्या आहेत, व त्या दुकानांतच करतां येतात. लेपाचें भिंग ट्यूबलाइटखालीं धरलें तर तिचें प्रतिबिंब फिकें, हिरवट किंवा जांभळट दिसतें. लेप नसलेल्यावर तें पांढरें व ठळक दिसतें. पोलराइज्ड भिंग डोळ्यापुढें धरून चकाकणाऱ्या पाण्याकडे किंवा डांबरी रस्त्याकडे पाहावें व भिंग पावपट फिरवावें. चकाकी जाऊन पुनः आली तर भिंग खरें. दुकानांत पाणी नसल्यास तशीं दोन भिंगें एकावर एक आडवीं-उभीं धरावीं. खरीं असल्यास त्यांतून जवळजवळ अंधार दिसेल. बदलत्या भिंगाची अर्धी बाजू कागदानें झांकून एक मिनिट उन्हांत ठेवावी व कागद काढून दोन्ही अर्धांची तुलना करावी. ही परीक्षा सकाळच्या थंड वेळीं न करतां दुपारीं करावी, म्हणजे आपल्या हवेंत तें किती चालेल याचा खरा अंदाज येईल.

केवळ काळ्या रंगावर मात्र कोणी भुलूं नये. रंगाचा व अतिनील किरण अडविण्याचा संबंध नाहीं. स्वच्छ पांढरें पॉलिकार्बोनेटचें भिंग ते अडवितें, आणि बाजारांतील एखादा गडद चष्मा न अडवितां सोडूनहि देतो. तसा चष्मा न घालण्यापेक्षां वाईट, कारण काळोखी पाहून बाहुली मोठी होते व किरणांस अधिक वाट मिळते. भिंगावर 'यूव्ही ४००' असा निर्देश पाहावा, आणि दुकानांत मोजण्याचें यंत्र असल्यास त्यावर भिंग तपासून घ्यावें. नोटा तपासण्याच्या जांभळ्या बॅटरीनें परीक्षा करून दाखविण्याची चाल आहे. ती विश्वसनीय नाहीं, कारण स्वस्त बॅटऱ्यांचा उजेड बहुधा दृश्य प्रकाशाच्या अगदीं सीमेवरचा असतो व चांगलें भिंगहि त्यास थोडेंबहुत सोडतें. गडदपणाचे ० ते ४ असे वर्ग ठरलेले आहेत. तिसऱ्या वर्गाचें भिंग शंभरांपैकीं ८ ते १८ भाग उजेड आंत सोडतें व आपल्या उन्हास तें पुरेसें आहे. चौथ्या वर्गाचें त्याहून गडद; तें घालून कोणतेंहि वाहन चालवूं नये.

वाहनाचा विषय निघाला आहे तर एकदोन गोष्टी सांगून टाकूं. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग साधारण पूर्व-पश्चिम आहे. सकाळीं कामानिमित्त नागपुरास जाऊन संध्याकाळीं परतणाराच्या पाठीशीं दोन्ही वेळां सूर्य असतो. जो सकाळीं पूर्वेकडे निघतो व सांजेस पश्चिमेकडे परततो त्याच्या डोळ्यांत तो दोन्ही वेळां शिरतो. अशा दुसऱ्या माणसास, विशेषतः पावसानंतर ओल्या रस्त्यावर, पोलराइज्ड भिंग फार सोयीचें. मात्र त्यांतून मोबाइलचा किंवा पंपाच्या मीटरचा पडदा एखाद्या कोनांत एकदम काळा दिसतो. यंत्र बिघडलें असें समजून घाबरूं नये, मान थोडी कलती करावी. रात्रीं कोणतेंहि रंगीत भिंग घालूं नये. समोरच्या गाडीच्या दिव्यांवर उपाय म्हणून पिवळीं भिंगें विकतात. त्यांनीं रात्रीं अधिक दिसतें असें तपासणींत आढळलेलें नाहीं, उलट आधींच अपुरा असलेला उजेड आणखी कमी होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेविली आहे. पन्नाशीच्या पुढच्या माणसास उन्हाची चकाकी पूर्वी सोसत असे व आतां सोसेनाशी झाली, गाडीच्या दिव्याभोंवतीं किरणांचा फुलोरा दिसूं लागला, भर उन्हांत नजर मंद व सांजेस किंचित् बरी, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलूं लागला, तर हा बाहेरच्या उजेडाचा दोष नसून डोळ्यांतील भिंग गढूळ होत असल्याचें चिन्ह असण्याचा फार संभव आहे. हाच मोतीबिंदू. गढूळ भिंगांत उजेड विखुरतो, म्हणून डोळे दिपतात. काळा किंवा बदलता चष्मा लावल्यानें कांहीं दिवस बरें वाटतें, आणि तेवढ्यानें तपासणी लांबणीवर पडते. मोतीबिंदू चष्म्यानें किंवा थेंबांनीं जात नाहीं, शस्त्रक्रियेनें जातो. गढूळ भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविण्याचा प्रयोग हॅरॉल्ड रिडले यांनीं लंडन येथें १९४९ मध्यें प्रथम केला, व आज ती नित्याची गोष्ट झाली आहे. आपल्या देशांत १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू असून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते. दिव्याभोंवतीं रंगीत कडें दिसून डोळा व डोकें दुखत असेल तर तें कांचबिंदूचें लक्षण असूं शकतें. त्यास एक दिवसाचाहि विलंब करूं नये, कारण कांचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. तेव्हां नवीन भिंगावर पैसे घालण्यापूर्वीं डोळे तपासून घ्यावे, हा क्रम कोणीहि उलटा करूं नये.

तपासणींत डोळे निर्दोष निघाले, नंबर आहे, व घर-शेत-बाजार अशी दिवसभर ये-जा आहे, त्यानें बदलतें भिंग लेपासह घ्यावें. नंबर नाहीं व काम पाण्यावर, त्यास पोलराइज्ड भिंगाचा साधा चष्मा पुरे. जो दिवसभर बंद गाडींत असतो त्यानें बदलत्या भिंगाच्या नादीं लागूं नये. प्लॅस्टिकच्या बदलत्या भिंगांतील रेणू उन्हानें हळूहळू झिजतात. दोनतीन वर्षांत तीं पूर्वीसारखीं गडद होत नाहींत व निवळल्यावरहि पिवळसर राहतात, तेव्हां नंबर बदलेल त्याच वेळीं तीं बदलावीं. ट्रॅक्टरच्या तापलेल्या पत्र्यावर चष्मा ठेवूं नये. उष्णतेनें लेपास तडे जातात. चिखलाचे शिंतोडे उडाले तर धोतराच्या किंवा लुगड्याच्या कोरड्या सोग्यानें पुसूं नयेत. चिखलांतील बारीक रेती भिंगावर कायमचे ओरखडे पाडते. आधीं स्वच्छ पाणी ओतून माती वाहूं द्यावी, आणि मग मऊ सुती फडक्यानें टिपून घ्यावें.